गार जमिनीची हद्द

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात माणसापेक्षा बैलगाडीला जास्त मान होता. मी जातीनं आणि पोटानंही सुतार, त्यामुळे त्या मानातला थोडा वाटा माझ्याकडे यायचा. अमेरिकेत लोक आपसांत लढायला लागले आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, असं बाजारात सांगत. कोण कुणाशी का भांडतंय हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते भांडण मिटू नये म्हणून मारुतीपुढे नारळ फोडणारे लोक मी या डोळ्यांनी पाहिलेत. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी आली, वांग्याच्या वाफ्यांत आली, एका शहाण्यानं तर अंगणातली तुळस सरकवून पऱ्हाटी लावली. कापूस पिकला की तो अमरावतीच्या बाजारात न्यायला गाडी हवी, आणि गाडी हवी म्हणजे मी हवा.

मी तेव्हा काही फार गोड माणूस नव्हतो. काम वाढलं की माझी जीभ तिखट होते. "गाडी कधी देता?" म्हणून कुणी तिसऱ्यांदा विचारलं, की मी म्हणायचो, "घाई असेल तर डोक्यावर न्या." तरी लोक येत, कारण माझी गाडी घाटात मोडत नसे. ती मोडत नसे याचं कारण माझ्या हातापेक्षा तिच्या आखात होतं. आख म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा. सगळा भार त्याच्यावर. चाकाला बाभूळ चालते, पण आखाला तिवसच पाहिजे. गावोगावच्या बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब त्या दोन-तीन वर्षांत आडवे झाले होते. तिवस मात्र पहिल्यापासूनच खाली नव्हता. तो होता गाविलगडाच्या डोंगरात, कोरकूंच्या मुलखात.

माझं गाव त्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वर अर्ध्या दिवसाच्या चढावर त्यांची एक वस्ती होती. सरळ एका रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर घरं, आणि रस्ता असा झाडलेला की आमच्या पाटलाच्या ओसरीनं लाजावं. माझे वडील तिथून लाकूड आणत, त्यांच्यानंतर मी आणू लागलो. होळी झाली की मी मीठ, गूळ आणि कोयत्या-कुऱ्हाडींना नवे दांडे घेऊन वर जायचो. त्या बदल्यात त्यांचा भुमका मला झाडं दाखवायचा. भुमका म्हणजे त्यांचा पुजारी. पण आमच्या पुजाऱ्यासारखा देवळात बसून राहणारा नव्हे. जंगलातलं काय तोडायचं, कधी तोडायचं, मोहाची फुलं कधीपासून वेचायची, चारोळीला हात कधी लावायचा, हे सगळं तो आणि वस्तीतली चार जाणती माणसं मिळून ठरवत. त्यानं दाखवलेलं झाड माझं. न दाखवलेल्या झाडाकडे मी नुसतं टक लावून पाहिलं, तरी त्याची बायको मागून म्हणायची, "सुतारा, डोये आवर."

त्या बुढीला मी 'माय' म्हणायचो. तिच्या बोलण्याला माझ्या रंध्यापेक्षा धार होती, म्हणून आमचं जमायचं.

वस्तीच्या खालच्या अंगाला एक ओढा होता. दिवाळीनंतर तो आटत जायचा, आणि फाल्गुनात नुसते दगड उरायचे. पण एका वळणावर, अर्जुनाच्या झाडांखाली, वाळूत एक झिरा होता. हातानं वाळू बाजूला केली की तळाशी पाणी झिरपून जमायचं. उन्हाळाभर सगळी वस्ती त्या एका झिऱ्यावर जगायची. दुसरं पाणी नव्हतंच. झिरा गेला तर वस्ती गेली, हे तिथलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

त्या झिऱ्यासाठी त्यांचा एक नेम होता, तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरलं नाही. चैत्रात, भर दुपारी, जमीन तव्यासारखी तापलेली असताना अख्खी वस्ती अनवाणी निघायची. रांग धरून लोक उतारानं ओढ्याकडे चालायचे. पाय भाजत असायचे. चालता चालता एका जागी पायाखालची जमीन गार लागायची. दिसायला तीच माती, तोच पाचोळा, पण पोटात ओल धरून असलेली. जिथं पाय गार पडला तिथं माणूस थांबायचा आणि जवळच्या झाडाला पळसाच्या मुळ्यांची दोरी बांधायचा. असं दोन्ही काठांनी, वरपासून खालपर्यंत. त्या दोरीच्या आत वर्षभर लोखंड न्यायचं नाही. कुऱ्हाड नाही, विळा नाही. आग नाही. डोहात जाळं नाही. पडलेलं लाकूड पडूनच राहायचं. झिरासुद्धा हातांनी आणि लाकडी फावड्यानंच उपसायचा.

मी त्या दिवशी माझा नवा लाल जोडा घालून चाललो होतो. भुमका म्हणाला, "जोडा काढ."

"कावून?"

"पायाले डोये असतात. जोडा घातला का ते मिटतात."

काढला. तळपाय भाजले, उड्या मारल्या, बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पुढं एका जागी दोघा म्हाताऱ्यांत वाद झाला. एक म्हणे हद्द या मोहाच्या झाडापाशी, दुसरा म्हणे अजून दहा पावलं अलीकडे. तेव्हा बुढीनं एक नुकतंच चालायला लागलेलं पोर कडेवरून उतरवून जमिनीवर ठेवलं. पोर भोकाड पसरून रडलं. तिनं ते उचललं, चार पावलं पुढं ठेवलं, पुन्हा रडलं. आणखी चार पावलांवर ते गप्प उभं राहिलं आणि खाली वाकून माती खायला लागलं. वाद मिटला, दोरी बांधली गेली.

आम्ही सुतार लोक गज आणि तसू यांच्यावर जगणारे. एक तसू इकडचा तिकडे झाला तर चाक डुगडुगतं. रडक्या पोरानं ठरवलेली हद्द माझ्या डोक्यात शिरेना. शिवाय ती दरवर्षी बदलायची. पाऊस बरा झाला की दोरी वर सरकायची, कोरडं वर्ष असलं की ओढ्याकडे यायची. एका चैत्रात कुणाचं लक्ष नाही असं पाहून मी ओढ्यापासून दोरीपर्यंत गज टाकून मोजलं. चाळीस हात भरले. का मोजलं? खाज. दुसरं काही नाही. लाकूड दिसलं की मोजायचं, तशी जमीन दिसली आणि मोजली.

मग आगगाडी यायची म्हणून गाजावाजा सुरू झाला. रूळ घालायला लाकडाचे ठोकळे हवेत, आणि असे तसे नव्हे, गाड्याच्या गाड्या हवेत. ठेकेदार डोंगरात शिरले. पलीकडच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याचे दोन्ही काठ त्यांनी तोडून इतके साफ केले, की तिथल्या वस्तीला पाण्यासाठी दुसऱ्या वस्तीच्या दारात उभं राहावं लागलं. हे ऐकल्यावर भुमक्यानं जाणत्या माणसांना बसवलं. दोन दिवस बोलणं चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं मला निरोप धाडला. पायथ्याच्या आमराईत जंगलाच्या साहेबाचा तंबू पडला होता. तिथं जाऊन आपणच साहेबाला सांगायचं, असं वस्तीनं ठरवलं होतं. मी थोडं मोडी लिहिणारा आणि खालची भाषा बोलणारा, म्हणून मी सोबत यावं.

"मी काय बोलू, बाबा?" मी विचारलं.

"तू नको बोलू. मी बोलीन. साहेबाले नाई समजलं तेवढं समजावजो."

दहा-बारा पुरुष, बुढी आणि मी असे गेलो. सोबत मधाचं भांडं आणि चारोळी. साहेब माणूस बरा होता. खुर्चीवरून उठून बाहेर आला, मध बोटानं चाखला, हिंदुस्थानीत चार शब्द बोलला. भुमक्यानं सरळ सांगितलं: ठेकेदाराला बाकी डोंगर हिंडू दे, आम्ही दाखवू ती झाडं नेऊ दे, पण ओढ्याच्या गार जमिनीवर कुऱ्हाड येऊ देऊ नका. तिथली झाडं गेली तर झिरा जाईल आणि आम्ही जाऊ.

साहेबानं मान डोलावली. शेजारी त्याचा कारकून मांडीवर कागद घेऊन बसला होता. तो म्हणाला, "गार जमीन म्हणजे कुठपर्यंत? किती हात?"

"तुमी चाला आमच्यासंगं," भुमका म्हणाला. "साहेबानं बी चालावं. जोडे काढून. समजते."

साहेब हसला, पण ते हसणं वाईट नव्हतं. कारकून मात्र वैतागला. "अहो, पाय गार पडतो ती हद्द मी कागदावर कशी लिहू? आकडा सांगा."

"आकडा नाई. दरसाल येगळी रायते."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. साहेबानं घड्याळ काढून पाहिलं. मला दिसलं की आता हे उठणार, आणि उद्या ठेकेदाराची माणसं ओढ्यात उतरणार. मी आयुष्यात पुष्कळ सौदे पाहिलेत, कुठल्या क्षणाला माणूस उठून जातो ते मला कळतं. मी म्हणालो, "चाळीस हात. दोन्ही काठांनी."

भुमक्यानं माझ्याकडे पाहिलं. कारकुनानं लेखणी उचलली आणि लिहिलं.

आम्ही परत चढायला लागलो. मग भुमका म्हणाला, "तू कावून बोलला?"

"नाहीतर काहीच मिळालं नसतं, बाबा. ते उठायलाच निघाले होते."

"तेही खरं हाय," तो म्हणाला. आणि पुढं चालत राहिला. बुढीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिन्याभरात सरकारी दगड आले. चुन्यानं रंगवलेले, कंबरेइतके, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस हातांवर पुरलेले. आणि त्या दगडांनी काम केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. ठेकेदाराची माणसं आली, दगड पाहिले, वळून गेली. दोन वर्षं ओढ्यातल्या एका फांदीला कुणी हात लावला नाही. मी तर गावभर सांगत सुटलो, की कोरकूंचा झिरा या सुतारानं वाचवला. गाडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी ही गोष्ट ऐकावी लागे, मग गाडी मिळे. वस्तीचे लोक त्या दोन्ही चैत्रांत नेहमीसारखे अनवाणी चालले. वर्षं कोरडी होती. त्यांची दोरी दगडांच्या आतच पडली. मी मनात म्हणायचो, आता कशाला पाय भाजून घेता? मी मोजून दिलंय ना!

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमच्याकडे म्हणतात. माझा बैल रिकामा आहे हे कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

त्या वर्षी पावसानं झोडपलं. पुढच्या चैत्रात मी वर गेलो तेव्हा वस्ती चालायला निघालीच होती. मीही जोडा काढून चाललो. मी दगडाकडे नजर लावून होतो, आणि दगड अजून कितीतरी खाली असतानाच पायाला गारवा लागला. पुढचा म्हातारा थांबला. सगळी रांग थांबली. पोटात इतकी ओल धरून होता तो उतार, की ओढ्यापासून नव्वद-शंभर हातांवरसुद्धा बोटांमध्ये माती चिकटत होती. भुमक्यानं तिथल्या एका मोठ्या तिवसाला दोरी बांधली. त्या दोरीत आणि माझ्या दगडात जी जागा होती, तिच्यात उभी होती त्या खोऱ्यातली सगळ्यात जुनी झाडं.

आठ दिवसांनी मी माझे आख तासत तिथंच वस्तीत होतो, तेव्हा ठेकेदार आला. सोबत कुऱ्हाडवाले आणि एक सरकारी शिपाई. वस्तीचे लोक जाऊन झाडांच्या मधे उभे राहिले. कुणी ओरडलं नाही, कुणी हात उगारला नाही. भुमक्यानं दोरी दाखवली. ठेकेदारानं दगड दाखवला. शिपायानं कागद काढून वाचला: वस्तीच्या लोकांनी स्वतः सांगितल्यावरून हद्द चाळीस हात ठरवण्यात आली.

मी पुढं झालो. "त्यांनी नाही सांगितलं, मी सांगितलं. चुकलं माझं. ते मोजमाप एका वर्षाचं होतं."

"तुमीच सांगितलं ना? मंग झालं तर!" ठेकेदार म्हणाला. तो रागावलासुद्धा नाही. "आमी दगडाच्या आत पाय ठेवत नाई. कायद्यानं चालतो आमी."

खरंच चालला तो कायद्यानं. पाच दिवस तोड चालली. एकही घाव दगडाच्या आत पडला नाही. मी भुमक्याच्या ओसरीवर बसून होतो. आवाजावरून मला झाड ओळखता येतं. हा सागाचा, हा धावड्याचा, हा ऐनाचा. तिवसावर घाव पडला की आवाज कोरडा आणि उंच येतो. मी कानांवर हात ठेवले नाहीत. ठेवावेसे वाटले, पण ते घाव माझ्याच आकड्यामुळे पडत होते.

त्या पावसाळ्यात उघडा पडलेला उतार घसरला. माती, मुळं, खोडांचे तुकडे सगळं ओढ्यात आलं आणि वळणावर साठलं. वस्तीनं दिवाळीनंतर महिनाभर चिखल उपसला. त्या उन्हाळ्यात झिऱ्याला गढूळ का होईना पाणी लागलं. पुढच्या वैशाखात लागलं नाही. चुन्याचे दगड जागच्या जागी होते. अर्जुनही उभे होते. पाणी नव्हतं.

वस्ती उठली. घरांचे खांब-वासे उपटून, डोक्यावर घेऊन, ती माणसं आणखी वर, डोंगराच्या आत गेली. मला हे आमच्या गावच्या आठवडी बाजारात कळलं. मोहफुलं विकायला आलेल्या एका कोरकू बाईनं सांगितलं. ते ऐकून मी घरी आलो आणि दोन दिवस वाकस-रंध्याला हात लावला नाही. बायको म्हणाली, "जाऊन या एकदा. असे बसू नका." मी म्हणालो, "कोणत्या तोंडानं?" ती म्हणाली, "हाय त्याच."

तरी धीर व्हायला पुढची होळी उलटली, मग मी गेलो. मीठ, गूळ, दांडे, आणि त्याशिवाय वाळू उपसायची सहा लाकडी फावडी घेतली होती, माझ्याजवळच्या सगळ्यात चांगल्या शिवणीच्या लाकडाची. दिवसभर चढलो. नवी वस्तीही तशीच होती, सरळ रस्ता, समोरासमोर घरं, झाडून काढलेली. भुमका खूप थकला होता. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फावडी हातात घेऊन उलटी-पालटी केली, म्हणाला, "चांगली झाली." आणि सकाळी, दरवर्षीसारखी, मला तीन झाडं दाखवली.

झाडं तोडून परत आलो तेव्हा घसा सुकून गेला होता. बुढीनं भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी दिलं. गार, गोड, नितळ पाणी. त्या झिऱ्याच्या पाण्यापेक्षाही चांगलं. माझा जीव इतका निवला, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे यांना पाणी मिळालं! मी भरल्या मनानं विचारलं, "माय, कुठं लागला वो झिरा?"

ती तुंबा खाली ठेवून माझ्यासमोर बसली.

"सुतारा, तुले झाडं लागतीन त इचार. भाकर लागली त इचार. पोराबायाचं इचार. पानी कुठं हाय, ते नको इचारू."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, सडकून राग आला. इतक्या वर्षांचं येणं-जाणं, वडिलांपासूनचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळी वस्ती अनवाणी निघाली, लेकरं कडेवर, खांद्यावर पळसाच्या दोऱ्या. मीही उठलो. भुमक्यानं हात माझ्या खांद्यावर ठेवून मला खाली बसवलं, हळूच, जसं आजारी माणसाला बसवतात. मी ओसरीवर एकटा बसून राहिलो. उन्हं कलताना ते परत आले, तेव्हा त्यांचे पाय घोट्यापर्यंत ओल्या मातीनं माखलेले होते. कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पुढं मी पुष्कळ वर्षं तिथं जात राहिलो. तिकडची लढाई कधीच मिटली होती, कापसाचा भावही पडला होता, गाड्यांची मागणी ओसरली, भुमका गेला, मग बुढी गेली. मला झाडं दाखवणारे बदलले, पण पाणी दरवेळी मिळालं, आणि दरवेळी ते आधीच भरून ठेवलेलं असायचं. मधल्या काळात जंगलखात्याचा कारकून दोनदा माझ्या घरी आला. डोंगरातल्या पाणवठ्यांची यादी करत होते, नकाशावर मांडायची होती. वस्तीत कुणी बोलत नव्हतं. तुम्ही जाता-येता, तुम्ही मोजमाप जाणणारे, तुम्हीच सांगा, असं म्हणाला. मी त्याला बसायला पाट दिला, प्यायला ताक दिलं, आणि सांगितलं की मला माहीत नाही.

त्याला वाटलं मी लपवतोय. मला खरंच माहीत नव्हतं.